आर्ल : एका रोमन नगरीचे दगड आणि तिची भाषा

फ्रान्सच्या दक्षिण भागात ऱ्होन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी दोन शाखांत विभागते. त्या फाट्याच्या लगतच आर्ल हे नगर वसले आहे. आजची त्याची लोकसंख्या सुमारे पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. नदीच्या दोन शाखांमध्ये कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश पसरलेला आहे. पांढरे घोडे, काळे बैल, रोहित पक्षी आणि भातशेती यांसाठी तो प्रसिद्ध आहे. येथून आग्नेयेला मार्सेलिस हे मोठे बंदर आहे. ८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या बंदरात बोटीतून समुद्रात उडी घेतली ते हेच मार्सेलिस. त्यामुळे मराठी वाचकाला हा किनारा अगदीच अनोळखी नाही. मात्र मार्सेलिसचे हे धाकटे शेजारी एके काळी त्याच्याहून मोठे झाले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

आर्लला येणारा प्रवासी रोमन अवशेष पाहण्यासाठी येतो. ते अवशेष भव्य आहेत आणि १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहेत. परंतु या नगराच्या इतिहासाचे आणखी एक अंग आहे. ते दगडात दिसत नाही. काय टिकते, काय नाहीसे होते आणि ते कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला आर्लमध्ये दोन्ही अंगे शेजारी शेजारी पाहता येतात.

सीझरची वसाहत

मार्सेलिस ही ग्रीक व्यापाऱ्यांनी इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभी वसवलेली नगरी. त्यांच्या व्यापाराच्या ओघात नदीकाठच्या आर्ललाही महत्त्व आले. पुढे ज्युलियस सीझर आणि पॉम्पी यांच्यात यादवी युद्ध पेटले, तेव्हा मार्सेलिसने पॉम्पीची बाजू घेतली. इ. स. पू. ४९ मध्ये त्या बंदराला वेढा घालण्यासाठी सीझरने आर्ल येथे बारा युद्धनौका बांधून घेतल्या. झाडे तोडल्याच्या दिवसापासून तीस दिवसांत त्या सज्ज झाल्या, अशी नोंद त्याने स्वतःच करून ठेवली आहे. मार्सेलिस हरले. त्याचे बरेचसे वैभव आर्लच्या पदरात पडले, आणि इ. स. पू. ४६ मध्ये सहाव्या पलटणीतील निवृत्त सैनिकांची वसाहत येथे स्थापन झाली.

या सैनिकांनी आपल्याबरोबर लॅटिन भाषा आणली. नगररचनेची रोमन पद्धतही आणली. नगराचा मुख्य चौक, म्हणजे फोरम, उताराच्या जागी बांधायचा होता. जमीन समतल करण्यासाठी त्यांनी प्रथम जमिनीखाली दुहेरी कमानींची लांबच लांब दालने बांधली आणि त्यांच्या पाठीवर चौक उभा केला. वरचा चौक कधीच गेला. खालची अंधारी, थंड दालने मात्र आजही चालत फिरता येतील इतकी शाबूत आहेत. प्रवाशाने आर्लची भेट येथून सुरू करावी, म्हणजे आजचे नगर कशावर उभे आहे याची त्याला अक्षरशः प्रचीती येते.

यानंतर नाट्यगृह, क्रीडागार, रथांच्या शर्यतींचे मैदान, स्नानगृहे अशी एकेक वास्तू उभी राहत गेली. नाट्यगृह बांधले जात होते तो महाराष्ट्रातील सातवाहनांचा काळ. नगराबाहेर बार्बगाल येथे डोंगराच्या उतारावर आठ-आठ चाकांच्या दोन रांगा करून सोळा पाणचक्क्या बसवल्या होत्या. कालव्याचे पाणी एका चाकावरून दुसऱ्यावर पडत खाली येई आणि धान्य दळले जाई. नदीतून माल वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या होड्यांपैकी एक, सुमारे ३१ मीटर लांबीची, दगडांनी भरलेली, २००४ मध्ये नदीच्या गाळात सापडली आणि २०११ मध्ये बाहेर काढण्यात आली. आता ती आर्लच्या पुरातत्त्व संग्रहालयात मांडलेली आहे. सम्राटांच्या पुतळ्यांपेक्षा पाणचक्की आणि होडी यांतूनच त्या काळचा कष्टकरी माणूस अधिक जवळून दिसतो.

दोन वास्तूंचे दोन भाग्यलेख

आर्लचे क्रीडागार, ज्याला अँफिथिएटर म्हणतात, इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. ते लंबवर्तुळाकार असून त्याची लांबी सुमारे १३६ मीटर आणि रुंदी सुमारे १०७ मीटर आहे. एकावर एक दोन मजले आणि प्रत्येक मजल्यावर साठ कमानी अशी त्याची रचना आहे. वीस हजारांवर प्रेक्षक येथे बसत. ते येथे काय पाहत, हेही विसरता कामा नये. माणसांच्या आणि पशूंच्या जिवावर बेतणाऱ्या झुंजी पाहण्यासाठी ही देखणी वास्तू उभारली गेली होती.

त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर नाट्यगृह आहे. ते क्रीडागाराहून सुमारे शंभर वर्षांनी जुने. सुमारे दहा हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या वास्तूच्या रंगमंचामागे संगमरवरी स्तंभांची उंच भिंत होती. आज त्यांपैकी केवळ दोन स्तंभ पूर्ण उंचीचे उभे आहेत. लोक त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात. क्रीडागार जवळजवळ पूर्ण उभे असताना शेजारचे नाट्यगृह असे का उद्ध्वस्त झाले, हा प्रश्न प्रवाशाच्या मनात येतोच.

दोन्ही वास्तू एकाच नगरात, एकाच हवेत, एकाच साम्राज्याच्या पतनाला सामोऱ्या गेल्या. पाचव्या शतकात रोमन सत्ता कोसळली. नाटकांना आश्रय उरला नाही आणि नव्या ख्रिस्ती धर्माला ती मान्यही नव्हती. नाट्यगृह निरुपयोगी ठरले आणि लोकांनी त्याचे दगड नेण्यास सुरुवात केली. चर्चच्या बांधकामासाठी संगमरवर काढला गेला, मग घरांसाठी उरलेले दगड गेले, आणि शेवटी अवशेषांवर घरे आणि मठ उभे राहिले. ते इतके झाकले गेले की मूळ वास्तू कोणती हेही लोक विसरले. १६५१ मध्ये खोदकाम करताना तेथे व्हीनस देवतेची मूर्ती सापडली. ती चौदाव्या लुईला भेट देण्यात आली आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

क्रीडागाराचे तसे झाले नाही. आक्रमणांच्या धास्तीने लोकांनी त्याच्या जाड भिंतींचा आसरा घेतला. कमानी बुजवल्या, चार बुरूज उभारले आणि खेळांचे मैदान एक लहानसे तटबंदीचे गाव बनले. आत दोनशेहून अधिक घरे आणि दोन छोटी प्रार्थनामंदिरे होती. कमानीखाली संसार मांडलेले, पायऱ्यांवर भिंती चढवलेल्या, मधल्या रिंगणात गल्ल्या. या लोकांना रोमन वारशाचे जतन करायचे नव्हते. डोक्यावर छप्पर आणि मुलाबाळांसाठी सुरक्षित जागा एवढेच त्यांना हवे होते. त्यांच्या त्या गरजेने क्रीडागार वाचले. जेथे माणूस राहतो तेथली भिंत तो पडू देत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र प्राचीन वास्तूंविषयी नवा आदर निर्माण झाला. १८२५ पासून आतील घरे पाडण्यास सुरुवात झाली आणि १८३० मध्ये मोकळ्या केलेल्या रिंगणात बैलांचा पहिला खेळ झाला. चार बुरुजांपैकी तीन अजून उभे आहेत. मध्ययुगाची तेवढीच खूण मागे राहिली. ज्या गरीब कुटुंबांनी शेकडो वर्षे ही वास्तू राखली त्यांचे कोणतेही स्मारक तेथे नाही. आज येथे कामार्गच्या पद्धतीचा खेळ होतो. पांढऱ्या पोशाखातील तरुण बैलाच्या शिंगांना बांधलेली फीत आणि गोंडे हिसकावण्यासाठी धावतात आणि बैल जिवंत परत जातो. स्पॅनिश पद्धतीचे रक्तरंजित खेळही होतात आणि त्यांवर वादही होतात. कसेही असो, सुमारे दोन हजार वर्षांनंतरही क्रीडागारात प्रेक्षक बसतात.

होकारावरून नाव पडलेली भाषा

रोमन सैनिकांनी आणलेल्या लॅटिनचे काय झाले, याचे उत्तर आर्लच्या एका प्राचीन दफनभूमीच्या नावात दडले आहे. नगराच्या वेशीबाहेर रोमन रस्त्याच्या दुतर्फा दगडी शवपेट्यांची रांग आहे. इटालियन महाकवी दान्तेने आपल्या नरकवर्णनात तिचा उल्लेख केला, आणि १८८८ च्या शरद ऋतूत व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि पॉल गोगँ यांनी तेथे चित्रे काढली. या जागेला ‘आलिस्कां’ म्हणतात. पुण्यात्म्यांच्या निवासभूमीसाठी लॅटिनमध्ये जे शब्द होते, त्यांचे हे दक्षिणेकडील रूप. त्याच लॅटिन शब्दांचे उत्तरेकडील रूप म्हणजे पॅरिसमधील प्रसिद्ध राजमार्ग शाँझेलिझे. एका मातेच्या दोन कन्यांनी एकच नाव आपापल्या उच्चाराने घेतले.

महाराष्ट्री प्राकृतातून कालौघात मराठी घडली, तशाच लोकांच्या बोलीतील लॅटिनमधून फ्रान्समध्ये दोन भाषाकुळे घडली. त्यांची नावे ‘होय’ या शब्दावरून पडली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. उत्तरेकडे होकारासाठी ‘ऑईल’ म्हणत. त्याचे पुढे ‘वी’ झाले. दक्षिणेकडे ‘ऑक’ म्हणत, म्हणून दक्षिणेची भाषा ती ऑक्सितान. आर्लच्या परिसरातील तिच्या बोलीला प्रोव्हांसाल म्हणतात. ही गावठी बोली नव्हती. बाराव्या शतकात तिच्यात गाणाऱ्या दरबारी कवींनी साऱ्या युरोपला प्रेमकाव्याची रीत शिकवली. दान्तेने तर आपल्या महाकाव्यात या परंपरेतील आर्नो दान्येल या कवीला इटालियनमध्ये न बोलवता त्याच्याच भाषेत बोलवले आहे. दान्तेने हे लिहिले ते ज्ञानेश्वरीनंतरच्या दोन-तीन दशकांत.

पुढे राजसत्तेचे केंद्र उत्तरेला स्थिर झाले. १५३९ च्या राजाज्ञेने न्यायालयीन दस्तऐवज फ्रेंचमध्ये लिहिणे बंधनकारक केले. दक्षिणेत भाषेने कागदावरून माघार घेतली. पण शेतात, बाजारात आणि स्वयंपाकघरात ती अबाधित होती.

मिस्त्रालचा प्रयत्न

१८३० मध्ये आर्लच्या उत्तरेस मायान या खेड्यात एका सुखवस्तू शेतकऱ्याच्या घरी फ्रेदेरिक मिस्त्रालचा जन्म झाला. घरात प्रोव्हांसाल बोलली जाई. आव्हिन्यों येथील शाळेत त्याला जोझेफ रूमानिय नावाचे तरुण शिक्षक भेटले. ते स्वतः प्रोव्हांसालमध्ये कविता करीत. फ्रेंच कविता आपल्या आईला समजत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी मातृभाषेत लिहायचे ठरवले, असे सांगतात. शिक्षकाकडून विद्यार्थ्याने ही ओढ घेतली. कायद्याची पदवी मिळवूनही मिस्त्राल वकिली करायला गेला नाही. १८५४ मध्ये गुरु-शिष्य आणि त्यांचे पाच कविमित्र अशा सात जणांनी ‘फेलिब्रिज’ नावाची संस्था स्थापन केली. भाषेचे लेखन शुद्ध आणि एकसारखे व्हावे, तिच्यात उत्तम साहित्य निर्माण व्हावे, हा तिचा हेतू होता.

१८५९ मध्ये मिस्त्रालचे ‘मिरेयो’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. श्रीमंत शेतकऱ्याची कन्या आणि गरीब टोपल्या विणणारा तरुण यांची ती शोककथा. त्यानंतर सुमारे वीस वर्षे खपून त्याने ऑक्सितानच्या सर्व बोलींचा दोन खंडांचा शब्दकोश सिद्ध केला. १९०४ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. राज्य नाही, शासनमान्यता नाही, अशा भाषेतील कवीला जगातील सर्वोच्च साहित्यसन्मान मिळाला. त्या पैशातून त्याने आर्लमधील लोकजीवनाच्या संग्रहालयासाठी जुना प्रासाद सजवून घेतला. त्याचे नाव ‘म्यूझिओन आर्लातेन’. पाळणे, पोशाख, शेतीची अवजारे, सणांची पक्वान्ने, सारे त्यात मांडले गेले. वस्तूंवरच्या प्रोव्हांसाल चिठ्ठ्या कवीने स्वतःच्या हाताने लिहिल्या.

शाळेच्या दारात

याच काळात दुसरीकडे काय घडत होते, ते पाहिल्याशिवाय ही कथा पूर्ण होत नाही. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. ही थोर सुधारणा होती. शेतमजुराचे मूल आणि सावकाराचे मूल एकाच अक्षरांनी शिकू लागले. पण ती अक्षरे केवळ फ्रेंचची होती. शाळेत ऑक्सितान बोलणाऱ्या मुलाच्या हाती लाकडाचा तुकडा किंवा तशीच एखादी वस्तू दिली जाई. दुसरे कोणी ती भाषा बोलताना सापडले की ती वस्तू त्याच्याकडे जाई, आणि दिवसाअखेर ज्याच्याकडे ती राही त्याला शिक्षा होई. म्हणजे भाषा बोलणे हा गुन्हा, आणि मित्राची चुगली करणे ही त्यातून सुटण्याची वाट. मातृभाषेतून बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा आपल्या देशातही अपरिचित नाहीत.

तरीही सारा दोष शाळेवर ढकलून चालणार नाही. रेल्वे आली, सक्तीची सैनिकी नोकरी आली, सरकारी कचेऱ्यांत जागा निघाल्या. या सर्वांची किल्ली फ्रेंच होती. आपली मुले मागे राहू नयेत म्हणून आईवडील त्यांच्याशी मोडक्यातोडक्या का होईना, पण फ्रेंचमध्ये बोलू लागले. एकमेकांशी ते प्रोव्हांसालच बोलत. म्हणून त्यांच्या मुलांना ती समजे, पण बोलता येत नसे. नातवंडांना तीही समजेनाशी झाली. कोणी ग्रंथ जाळले नाहीत, कोणी कवीला तुरुंगात टाकले नाही. मुलांच्या भल्याच्या तळमळीतून, तीन पिढ्यांत, घराघरांतून भाषा निघून गेली. मिस्त्रालला नोबेल मिळाले तेव्हाही ही गळती चालूच होती. त्याच्या मिरेयोची कथा जगाला पोहोचली ती बहुतांशी शार्ल गुनोच्या संगीतिकेतून, आणि ती संगीतिका फ्रेंचमध्ये आहे.

१९५१ च्या कायद्याने शाळांत ऑक्सितान शिकवण्याची ऐच्छिक मुभा मिळाली. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा हा फ्रान्सचा वारसा असल्याचे त्या देशाच्या राज्यघटनेत नमूद झाले. तोवर युनेस्कोच्या भाषाविषयक नकाशात प्रोव्हांसालची नोंद गंभीर धोक्यातील भाषा म्हणून होण्याची वेळ आली होती. ज्या ‘वारसा’ शब्दाने दगडांना संरक्षण मिळाले, तोच शब्द भाषेच्या वाट्याला आला तेव्हा तिच्यात राहणारे लोक फारसे उरले नव्हते.

चौकातील तीन खुणा

आजच्या आर्लमध्ये प्लास द्यु फोरम नावाचा लहानसा चौक आहे. एका हॉटेलच्या भिंतीत रोमन काळातील दोन स्तंभ आणि त्यांवरील शिल्पपट्टीचा तुकडा जडलेला आहे. समोर एक उपाहारगृह आहे; सप्टेंबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने चांदण्या रात्री उजळलेल्या ज्या कॅफेचे चित्र रंगवले तो येथलाच. चौकात टोपी आणि काठी घेतलेला मिस्त्रालचा पुतळा आहे. १९०९ मध्ये स्वतः मिस्त्रालच्या उपस्थितीत त्याचे अनावरण झाले. स्तंभ, चित्र आणि पुतळा, तिन्ही प्रवाशाला एका नजरेत दिसतात. ज्या भाषेसाठी तो पुतळा उभारला ती भाषा मात्र चौकात बसून कानावर पडणे आता दुर्मिळ झाले आहे.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. १९७९ मध्ये फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील पो या नगरात काही पालकांच्या आणि भाषाप्रेमींच्या पुढाकाराने ‘कालांद्रेता’ नावाची एक शाळा सुरू झाली. तेथे मुले गणित, भूगोल, खेळ, सारे ऑक्सितानमधून शिकतात आणि फ्रेंचही उत्तम शिकतात. एका शाळेच्या पुढे अनेक शाळा झाल्या. आजी-आजोबांनी ज्या भाषेसाठी शिक्षा भोगली, त्याच भाषेत नातवंडे पाढे म्हणू लागली. म्यूझिओन आर्लातेनही दीर्घ नूतनीकरणानंतर २०२१ मध्ये पुन्हा खुले झाले. त्याच्या अंगणात उत्खननात निघालेले रोमन फोरमचे अवशेष आहेत आणि भोवतालच्या दालनांत मिस्त्रालच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद जगभरच्या मराठी माणसाने साजरा केला. तो योग्यच होता. मिस्त्रालच्या नोबेलचा आनंदही योग्यच होता. मात्र आर्लच्या इतिहासाने सन्मान आणि वापर यांतील अंतर स्पष्ट करून ठेवले आहे. क्रीडागार वाचवले ते त्यात संसार मांडणाऱ्या अनाम कुटुंबांनी. महाराष्ट्राबाहेर, परभाषिक नगरात, मुलांना मराठी शाळेत घालणारे पालक आणि त्या शाळेतून शिकून पुढे गेलेले, घरी आपल्या मुलांशी मराठीत बोलणारे माजी विद्यार्थी हे त्याच जातीचे रहिवासी आहेत. त्यांना इंग्रजी हवी, राज्याची भाषा हवी, हिंदीही हवी, आणि ती त्यांनी अवश्य शिकावी. कालांद्रेतातील मुलेही फ्रेंच शिकतातच. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी मुलाने मराठीत प्रश्न विचारावा आणि त्याला मराठीतच उत्तर मिळावे, एवढे मात्र कोणताही शासननिर्णय करू शकत नाही. ते काम घरातल्या माणसांचेच आहे.